मुखत्यार : शब्दाचा पैस आणि अधिकाराची मर्यादा

मराठीत ‘मुखत्यार’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. ‘या बाबतीत तो मुखत्यार आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो कोणास विचारण्यास बांधलेला नाही असा आशय असतो. ‘त्याचा मुखत्यार’ म्हणजे मात्र दुसऱ्याच्या वतीने सही करणारा माणूस. मूळ अरबी ‘मुख्तार’ शब्दात ‘निवडलेला’ आणि ‘निवड करण्यास मोकळा’ हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीने दोन्ही उचलले. ‘कुलमुखत्यारपत्र’ यातील ‘कुल’ हेही अरबी, म्हणजे ‘सर्व’. संस्कृतातील घराणेवाचक ‘कुल’ नव्हे. असे पत्र लिहून देणाऱ्याने जणू सर्वस्वच हवाली केले, असा ध्वनी त्यातून उमटतो. (१७८४ मध्ये बादशहा शाह आलम याने पेशव्यांस दिलेला ‘वकील-इ-मुतलक’ हा किताब याच परंपरेतला, ‘मुतलक’ म्हणजे अनिर्बंध.)

न्यायालयांनी वाट धरली ती नेमकी उलट. १८७४ च्या हेमर विरुद्ध शार्प या इंग्लिश खटल्यात मालकाने दलालास मिळकतीसाठी गिऱ्हाईक मिळवून देण्यास सांगितले होते. दलालाने गिऱ्हाईक तर आणलेच, पण विक्रीच्या करारावर सहीही करून टाकली. ती सही मालकावर बंधनकारक नाही, असे ठरले. १९०० मधील रोझेनबाउम विरुद्ध बेलसन या खटल्यात मालकाने ‘विका’ असे लिहिले होते. तेथे दलालास करार करण्याचा अधिकार मान्य झाला. दोन्ही मालकांच्या मनातील हेतू कदाचित एकच असेल. निकाल फिरला तो क्रियापदावर. भाषेच्या अभ्यासकास याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

विक्रीचा अधिकार स्पष्ट दिला, तरी तो विक्रीपुरताच असतो. १८८४ मध्ये कलकत्त्याहून प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलेल्या जन्मेजय कुंडू विरुद्ध वॉटसन या प्रकरणात मुखत्यारास सरकारी रोखे विकण्याचा व हस्तांतरित करण्याचा अधिकार होता. त्याने ते गहाण ठेवून कर्ज काढले. गहाण हे विक्रीत सामावत नाही, असा निर्णय झाला. डॅन्बी विरुद्ध कूट्स (१८८५) या खटल्यात तर प्रास्ताविक मजकुरानेच अधिकार आखडला: मालक परदेशी जात असल्याचे आरंभी नमूद होते, म्हणून पुढील कलमांत मुदत लिहिलेली नसतानाही तो अधिकार त्याच्या गैरहजेरीपुरताच मानला गेला.

आपल्याकडील दस्तांत वहिवाट करणे, भाडे वसूल करणे, दावे चालविणे अशी कामे ओळीने येतात आणि शेवटी ‘इत्यादी सर्व कामे’ असे शेपूट असते. गावाकडील जमीन भावास सोपवून मुंबईस राहणाऱ्या मालकास हे शेपूट निरुपद्रवी वाटते, आणि ती जमीन घेणाऱ्यास तेच पुरेसे वाटते. दोघेही चुकतात. अर्थ लावण्याचा रूढ नियम असा की, सर्वसाधारण शब्द आधीच्या विशिष्ट शब्दांच्या कक्षेतच वाचावयाचे. वहिवाटीच्या यादीला जोडलेल्या ‘इत्यादी’त खरेदीखत बसत नाही. मुखत्यारीबाहेर दस्त झाला, तर मालकाने तो मागाहून मान्य केल्याखेरीज त्यास तो बांधत नाही, आणि घेणाराचे पैसे मात्र अडकतात.

१८७२ च्या करार कायद्यानुसार मालकाच्या मृत्यूने मुखत्यारी संपते. मुखत्याराचा त्या मिळकतीतच हितसंबंध असेल, तर प्रश्न वेगळा. दिल्लीच्या परिसरात विक्रीचा करार, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असे तीन कागद घेऊन खरेदी झाली असे मानण्याची रूढी पडली होती. सूरज लँप प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सांगितले की, अशा कागदांनी मालकी जात नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे. पत्नी, मुलगा वा आप्त यांस खरोखरीच कामासाठी दिलेल्या मुखत्यारपत्रांस त्या निकालाने धक्का लावलेला नाही. त्यांच्याखाली झालेले खरेदीखत तपासताना प्रश्न पुन्हा तोच येतो: पत्रात ‘विकणे’ हे क्रियापद आहे की नाही.