अणू व रेणू : वसई-विरार परिसरातील उदाहरणे

मूलद्रव्याचे रासायनिक गुणधर्म टिकवून असणारा सर्वांत लहान कण म्हणजे अणू. दोन किंवा अधिक अणू रासायनिक बंधाने जोडून झालेला, स्वतंत्रपणे वावरू शकणारा गट म्हणजे रेणू. सुरुवातीच्या पुस्तकांतला धडा बहुधा येथेच संपतो आणि प्रत्येक पदार्थ रेणूंचाच बनलेला असतो, असा समज वाचकाच्या मनात राहून जातो. तो बरोबर नाही. पालघर जिल्ह्यातील (स्थापना १ ऑगस्ट २०१४) वसई तालुक्याच्या परिचयाच्या वस्तू घेतल्या, तरी त्यांतल्या मीठ, सोने आणि घंटा या तिन्हींत रेणू नाहीत.

मीठ : वसई खाडीच्या उत्तरेला नायगाव, जूचंद्र भागातील मिठागरे लोकलच्या खिडकीतूनही दिसत आली आहेत. मीठ तेथे ‘तयार’ होते असे म्हणण्याची रूढी आहे. काटेकोरपणे पाहता ते मागे उरते. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक खाण्याचे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड असते. सोडियमच्या अणूने एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो, क्लोरीनच्या अणूने एक मिळवलेला असतो. अशा विद्युतभारित अणूंना आयन म्हणतात. खाडीच्या पाण्यात हे आयन सुटे असतात आणि प्रत्येकाभोवती पाण्याच्या रेणूंचा वेढा असतो. ऊन-वाऱ्याने पाण्याचे रेणू तेवढे उडून जातात.

वाफ्यांतल्या पाण्याची घनता बोमे अंशांत मोजतात. आधी चुन्याचे क्षार व जिप्सम खाली बसतात. मूळ पाण्याचा सुमारे नऊ-दशांश भाग उडाल्यावर, २५ अंशांच्या आसपास मीठ बसू लागते. पाणी २९-३० अंशांपुढे जाऊ दिले तर मॅग्नेशियमचे कडू क्षार मिठात येतात, म्हणून ते उरलेले पाणी काढून टाकतात. मीठ गोळा करण्याच्या नेमक्या वेळेवर त्याची चव ठरते ती अशी. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतील बाष्प फार लवकर ओढते. पण शुद्ध मीठसुद्धा हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की पाणी धरते. कोकणातल्या पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाझर फुटतो आणि लोक त्यात तांदळाचे दाणे टाकतात, त्याचे कारण हेच.

मिठाचा खडा भिंगाखाली चौकोनी दिसतो. आतील मांडणीही तशीच आहे : प्रत्येक सोडियम आयनाला सहा क्लोराइड आयन शेजारी आणि प्रत्येक क्लोराइडला सहा सोडियम. त्यामुळे अमक्या सोडियमची जोडी तमक्या क्लोरीनशी, असे बोट दाखवता येत नाही. म्हणजेच मिठाचा रेणू नाही. १९१३मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना उलगडली व १९१५चे नोबेल पारितोषिक मिळवले. सर्वांना ती पटली नाही. ब्रिटिश रसायनज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग याने १९२७मध्ये ‘नेचर’मध्ये पत्र लिहून तिची टर उडवली. (मोठ्या रसायनज्ञालाही जे पचले नाही, ते सातवीच्या मुलाला एका तासात पचावे अशी आपली अपेक्षा असते.) ०.३ मिमी बाजूच्या दाण्यात सोडियम-क्लोराइडच्या सुमारे ६,००० कोटी कोटी जोड्या भरतील. आयोडीनयुक्त मिठात पोटॅशियम आयोडेट मिसळलेले असते. उत्पादनाच्या ठिकाणी आयोडीनचे प्रमाण किती असावे याचा नियम आहे.



पाणी व क्लोरीन : वसई-विरार शहराला सूर्या योजना, उसगाव व पेल्हार येथून पाणी मिळते. पाण्याचा रेणू हायड्रोजनच्या दोन व ऑक्सिजनच्या एका अणूचा. शुद्धीकरणासाठी लागणारा क्लोरीन वायू हा दोन क्लोरीन अणूंचा रेणू असून विषारी आहे. त्याच मूलद्रव्याचा आयन मात्र आपण रोज आमटीत घालतो. एका इलेक्ट्रॉनचा फरक केवढा, हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो.

धातू : १८८२मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटात उत्खनन केले. तेथील बौद्ध स्तूपातील दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा, असे एकात एक करंडक निघाले. आतील वस्तूंच्या काळाविषयी मतभेद आहेत. रसायनाच्या दृष्टीने मात्र हा क्रम बोलका आहे. तांब्याचे अणू हवा-पाण्याशी संयोग पावून हिरवट थर धरतात, चांदी गंधकामुळे काळवंडते आणि सोन्याचे अणू बहुतेक कशाशीच संयोग पावत नाहीत. स्तूप बांधणाऱ्यांनी हे मनात धरले असेल काय, हे सांगणे या कोशाचे काम नव्हे.

मराठ्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध काढलेल्या वसईच्या १७३९च्या मोहिमेनंतर तेथील चर्चच्या घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे साल आहे. घंटेच्या काशात साधारणपणे चार भाग तांबे व एक भाग कथिल असते. दोन्हींचे अणू एका स्फटिकजालात गुंतून धातू कठीण, ठिसूळ आणि नादमय होतो; येथेही रेणू नाही.

वास : येथे मात्र रेणूंचेच राज्य आहे. ताज्या मासळीतील एका निर्गंध संयुगाचे जंतू विघटन करतात व ट्रायमिथिलअमाइन हा बाष्पशील रेणू सुटतो. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या किनाऱ्यावर वाळणाऱ्या बोंबलाचा वास दूरवर जातो तो मुख्यतः त्याच्यामुळे. लिंबू, चिंच वा कोकम लावले की आम्लातील हायड्रोजन आयन या रेणूला चिकटतो, त्यावर विद्युतभार येतो आणि त्याचे उडणे थांबते. वास झाकला जात नाही, जागीच अडकतो. मोगऱ्याच्या सुगंधातही लिनॅलूल हा असाच बाष्पशील रेणू असतो.

सुकेळी : पिकलेले राजेळी केळे उन्हात वाळवून करतात; मिठागरातल्याप्रमाणे येथेही पाण्याचे रेणू उडून जातात आणि साखरेचे प्रमाण वाढते.