उष्णतेची परीक्षा : जुने ॲम्प्लिफायर का तापतात?

१/९
घरातला चाळीस-पन्नास वर्षांचा स्टीरिओ ॲम्प्लिफायर हाताला चटका देऊ लागला, की "जुना झाला" एवढे म्हणून विषय संपवला जातो. वस्तुतः उष्णता या यंत्राच्या मागे जन्मापासून लागलेली आहे. म्हातारे होतात ते तिला आवरण्यासाठी योजलेले उपाय. हा थ्रेड त्या उपायांचा इतिहास सांगतो.

२/९
१९४७ च्या एप्रिल-मे महिन्यांत ब्रिटनमधील 'वायरलेस वर्ल्ड' मासिकाने डी. टी. एन. विल्यमसन यांच्या ॲम्प्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला. घरगुती ध्वनीच्या गुणवत्तेचा तो मानदंड ठरला. स्पीकरला मिळणारी शक्ती १५ वॅट. त्यातील केटी६६ जातीच्या दोन व्हॉल्व्हचे नुसते हीटर पेटते ठेवण्यास लागणारी शक्ती सुमारे १६ वॅट! गाण्याचा पहिला सूर उमटण्यापूर्वीच एवढी वीज उष्णतेत जाई.

३/९
त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. हीटर गेला, उष्णतेचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. ट्रान्झिस्टर तापला की अधिक प्रवाह वाहू देतो आणि तो प्रवाह त्याला आणखी तापवतो. हे चक्र वेळीच रोखले नाही, तर ट्रान्झिस्टर जळतो. सुरुवातीचे जर्मेनियम याला लवकर बळी पडे. १९५४ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे गॉर्डन टील यांनी सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सिद्ध केला. त्याची सहनशक्ती मोठी होती, पण स्वभाव तोच राहिला.

४/९
त्यावर दुहेरी तोड निघाली. एक, उष्णता हवेत सोडणारा ॲल्युमिनियमचा पातेदार हीटसिंक. दुसरी अधिक चतुर : त्याच हीटसिंकला जोडलेला छोटा डायोड किंवा ट्रान्झिस्टर. तापमान वाढले की हा पहारेकरी मुख्य ट्रान्झिस्टरांचा स्थिर प्रवाह खाली आणतो.

५/९
दरम्यान बाजारात वॅटची चढाओढ माजली. क्षणभरच टिकणारी शक्ती जाहिरातींत ठळक अक्षरांत छापली जाई. अखेर १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला : शक्ती मोजण्यापूर्वी ॲम्प्लिफायर जाहीर शक्तीच्या एकतृतीयांश पातळीवर सलग एक तास चालवावा.

६/९
पूर्ण शक्तीऐवजी एकतृतीयांशच का? उत्तर गणितात आहे. बहुतेक घरगुती यंत्रांच्या 'क्लास बी' धाटणीच्या मंडलात, आदर्श हिशेबाने, १०० वॅट देताना सुमारे २७ वॅट उष्णता निर्माण होते. ३३ वॅट देताना मात्र सुमारे ४० वॅट! मधल्या पातळीवर यंत्र सर्वाधिक तापते. नियमाने नेमके हे अवघड स्थान परीक्षेसाठी निवडले.

७/९
उत्पादकांपुढे दोन मार्ग उरले : हीटसिंक मोठा करणे किंवा जाहीर आकडा लहान करणे. उष्णता अशा रीतीने प्रामाणिकपणाची कसोटी बनली. पुढे २००० साली ही अट शिथिल करून एकअष्टमांशावर आणण्यात आली, कारण प्रत्यक्ष संगीत इतका अखंड भार टाकत नाही.

८/९
त्या काळातील यंत्रांचे आज काय होते? ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधील लेप सुकतो. उष्णता आतच कोंडते. पात्यांवर धूळ साचते. स्थिर प्रवाह ठरवणाऱ्या छोट्या प्रीसेटचे संपर्क गंजतात आणि काही मंडलांत प्रवाह भलताच वाढतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील द्रव आटतो. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे एक उपाय थकला की दुसऱ्यावरचा भार वाढतो.

९/९
म्हणून जुन्या ॲम्प्लिफायरवर नुसता पंखा ठेवणे म्हणजे तापाच्या रोग्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवून आजार विसरणे होय. यंत्राभोवती मोकळी हवा हवीच. पण जाणत्या कारागिराकडून स्थिर प्रवाह मोजून घेणे, लेप व थकलेले कपॅसिटर बदलून घेणे हाच खरा इलाज. झाकण स्वतः उघडू नये : प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये घातक विद्युतभार राहू शकतो. वेळेवर हे केले, तर घरातली ती जड पेटी भंगारात न जाता पुन्हा गाऊ लागते.