साचा आणि रंग : नेकनूरच्या बाजारपट्ट्यातील खेळण्यातल्या बैलांचा इतिहास

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटाच्या पठारावर वसलेले नेकनूर मराठवाड्यात ओळखले जाते ते तेथील आठवडी बाजारामुळे आणि त्यातही जनावरांच्या बाजारामुळे. अशा बाजारात बैलाची किंमत ठरते ती त्याचे दात, खूर, वशिंड, चाल आणि रंग एका नजरेत वाचू शकणाऱ्या माणसांच्या पारखीवर. आदत म्हणजे अजून दुधाचे दात असलेला आणि जुळलेला म्हणजे पक्क्या दातांची ओळ पूर्ण झालेला बैल, हे येथील शेतकऱ्याला लहानपणीच कळते, आणि हेडी, म्हणजे जनावरांचा फिरता व्यापारी, रुमालाखाली बोटे दाबून जो सौदा करतो त्यामागे हीच विद्या असते. ज्या प्रदेशाने जिवंत बैल इतक्या बारकाईने पाहिला, त्या प्रदेशात मातीचा, लाकडाचा आणि आता प्लास्टिकचा बैल कसा घडला व कसा रंगवला गेला, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. प्लास्टिकचे प्राणी जमवून त्यांना नव्याने रंगवणे हा छंद युरोप-अमेरिकेतून आलेला मानला जातो, आणि आजच्या स्वरूपात तो तसा आहेही. परंतु एकाच घडणीच्या आकृतीला रंगाने स्वतंत्र ओळख देणे, आणि जुना झालेला रंग ठरावीक दिवशी पुन्हा चढवणे, ही दोन्ही कामे महाराष्ट्रात प्लास्टिकच्या फार पूर्वीपासून चालत आली आहेत.

महाराष्ट्रातील मातीच्या व धातूच्या प्राणिप्रतिमांचा जुना पुरावा ताम्रपाषाण युगातील, म्हणजे तांबे आणि दगड या दोहोंची हत्यारे एकाच वेळी वापरात होती त्या काळातील वसाहतींतून मिळतो. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात न भाजलेल्या मातीची शिरविरहित स्त्रीमूर्ती आणि तिच्याबरोबरच मातीचा बैल सापडला, व बैलाच्या पाठीतील भोकात काडी खोचून मूर्ती त्याच्यावर बसवता येईल अशी त्यांची रचना होती. यातील बैल खेळण्यातला नव्हे, पूजेतला आहे. परंतु हातात मावणारी, सुट्या भागांची, जोडता आणि वेगळी करता येणारी प्राण्याची आकृती घडवण्याचे कौशल्य तेथे होते, एवढे त्यावरून निश्चित होते. प्रवरा नदीकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये अचानक हाती आलेल्या ब्राँझच्या वस्तूंत हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ अशा चार आकृती होत्या, त्यांचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक भरते आणि त्या चाकांवर ओढण्याच्या बेताने बनवलेल्या आहेत. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत आणि इतक्या जड वस्तू मुलांसाठी असणे संभवत नाही; तरीही चाकावरचा प्राणी ही कल्पना गोदावरीच्या खोऱ्यात किती जुनी आहे हे त्या आकृतींतून दिसते.

नेकनूरच्या दृष्टीने अधिक जवळचे आणि अधिक बोलके स्थळ म्हणजे दक्षिणेला तेरणा नदीकाठी असलेले तेर. ग्रीक भाषेतील ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील सागरी व्यापाराच्या मार्गदर्शक ग्रंथात ज्या तगर नगराचा उल्लेख येतो ते हेच गाव होय, आणि तगर व पैठण येथील माल गाड्यांतून, नीट रस्ते नसलेल्या मोठ्या प्रदेशातून भडोचच्या बंदराकडे नेला जाई असे तो ग्रंथ सांगतो. गाड्यांचा हा व्यापार म्हणजे अर्थातच बैलांच्या बळावरचा व्यापार. सातवाहन काळात या व्यापारी नगरांत, तेर, पैठण आणि नेवासे येथे, मातीच्या आकृती घडवण्याची एक नवी पद्धत रूढ झाली, जिला दुहेरी साच्याची पद्धत म्हणतात: आकृतीचा पुढचा आणि मागचा भाग दोन वेगळ्या साच्यांत दाबून काढायचा, ते दोन्ही अर्ध ओले असतानाच कडेने जोडायचे, आणि आतून पोकळ, वजनाला हलकी अशी आकृती भाजून घ्यायची. केओलिन या पांढऱ्या, बारीक पोताच्या मातीचा वापर यासाठी मोठ्या प्रमाणावर झाला आणि भूमध्य समुद्राकडील कारागिरीशी आलेल्या संपर्काचा परिणाम या पद्धतीत अनेक अभ्यासक पाहतात. या पद्धतीचे तेरच्या कारागिरीतील स्थान कितीही वर धरले तरी ते अधिक होणार नाही, कारण तिने प्रतिमा घडवण्याचे काम दोन टप्प्यांत विभागले. एका साच्यातून कितीही आकृती निघू शकतात आणि त्या सर्व सारख्याच असतात; त्यांतील एकीला दुसरीपासून वेगळे करायचे तर ते साच्याबाहेर, नंतरच्या हातकामानेच करावे लागते. दोन अर्ध जिथे जुळतात तिथे कडेने उमटणारी बारीक रेघ घासून बुजवणे हे तेरच्या कारागिराचे काम होते, आणि आज प्लास्टिकचा घोडा रंगवायला घेणारा माणूसही पहिल्यांदा तीच रेघ पॉलिशपेपरने घासून काढतो. तेरचे हे वैभव तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या शासकीय वस्तुसंग्रहालयात पाहता येते, आणि बीड किंवा धाराशिवच्या वाचकाने ते पाहिले नसेल तर पुण्या-मुंबईच्या संग्रहालयांआधी ते पाहावे.

साचा तेरने दिला असे म्हटले, तर रंगाची प्रथा पोळ्याने टिकवली असे म्हणावे लागते. श्रावण अमावास्येला, म्हणजे पिठोरी अमावास्येला, मराठवाड्यात बैलपोळा साजरा होतो. आदल्या दिवशी खांदेमळणी होते, म्हणजे जुवाने घट्टे पडलेले बैलाचे खांदे तूप-हळदीने चोळून शेकले जातात. दुसऱ्या दिवशी बैल धुऊन, शिंगे साळून त्यांना हिंगूळ किंवा तेलरंग लावला जातो, वर बेगड चिकटवला जातो, अंगावर गेरूचे ठिपके आणि हाताचे ठसे उठवले जातात, झूल आणि घुंगरमाळा चढतात. वर्षभर शेतात राबलेला बैल एका दिवसापुरता चित्र होतो. ज्याच्या दावणीला बैल नाही, मग तो भूमिहीन असो, कारागीर असो की गावात दुकान चालवणारा असो, त्याच्या घरी त्या दिवशी मातीच्या बैलांची पूजा होते, आणि हे बैल पुरवणारा कुंभार हा बलुतेदार होता, म्हणजे गावाला वर्षभर माल व सेवा देऊन सुगीच्या वेळी धान्यरूपाने मोबदला घेणाऱ्या कारागिरांपैकी एक. निजामाच्या राज्यात असलेल्या बीड भागात १९४८ पर्यंत आणि त्यानंतरही काही काळ ही व्यवस्था चालू होती. रोख पैशाने ती मोडली, तरी पोळ्याच्या आधी बाजारात मातीचे बैल मांडून बसणारा कुंभार राहिला.

या मातीच्या बैलाची घडण साधी असते: चार ठोकळ पाय, वर काढलेले वशिंड, मागे वळवलेली शिंगे आणि डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. पूर्वी त्यावर पांढरी खडी आणि गेरू एवढेच रंग असत, पुढे बाजारचे तयार रंग व चमकी आली. पूजेनंतर तो बहुतेक घरांत मुलांच्या हाती पडे, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याची पुन्हा माती झालेली असे, म्हणून मातीच्या बैलाला नव्याने रंगवण्याचा प्रश्न उद्भवत नसे. तो उद्भवला लाकडी बैलाच्या बाबतीत. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो, ज्यात मुले चाकांवरचे लाकडी बैल दोरीने ओढत आणतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मिळवतात. नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली असे परंपरेने सांगितले जाते. लाकडी बैल एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातो, त्याचा रंग उडतो, शिंग तुटते, आणि सणाच्या आधी तो पुन्हा रंगवला जातो. वडिलांचा बैल मुलाच्या हाती जाताना नवा रंग घेऊन जातो, ही या प्रथेची सर्वांत सुंदर बाजू आहे. खेळणे जपणे आणि त्याला पुन्हा रंग देणे या दोन गोष्टी येथे एकाच सणाने बांधून ठेवल्या आहेत.

जुन्या रंगांविषयी मात्र हळवेपणा बाळगण्याचे कारण नाही. शेंदूर हे शिशाचे संयुग आहे आणि हिंगूळ पाऱ्याचे. विसाव्या शतकातील बाजारी तेलरंगांतही पिवळ्या आणि तांबड्या छटांसाठी शिशाची संयुगे सर्रास वापरली गेली, आणि लहान मूल खेळणे तोंडात घालते ही गोष्ट तेव्हा फारशी हिशेबात धरली जात नव्हती. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१६ मध्ये झाला आणि तो पुढच्या वर्षी अमलात आला. खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोची गुणवत्ता-खूण जानेवारी २०२१ पासून बंधनकारक झाली, ज्यातून नोंदणीकृत हस्तकलाकारांना वगळण्यात आले. जुने लाकडी किंवा धातूचे खेळणे रंगवायला घेणाऱ्याने म्हणूनच जुना रंग कोरडा घासू नये, कारण त्या धुळीत शिसे असू शकते.

शिशाचा संबंध पाश्चात्त्य खेळण्यांशीही तितकाच जवळचा आहे. ब्रिटनमधील ब्रिटन्स ही कंपनी शिशाचे पोकळ सैनिक बनवण्यासाठी प्रसिद्ध होती. पहिल्या महायुद्धानंतर लोकांना सैनिकांचा वीट आला तेव्हा तिने शेतावरची गाय, डुक्कर, मेंढी आणि शेतकरी अशी मालिका काढली, आणि १९६० च्या दशकात शिशाची खेळणी मागे पडून त्यांची जागा प्लास्टिकने घेतली. अमेरिकेत ब्रेयर कंपनीने १९५० च्या सुमारास टेबलावरच्या घड्याळाभोवती शोभेसाठी एक घोडा ओतला, लोकांनी घड्याळापेक्षा घोडाच अधिक मागितला, आणि त्यातून प्लास्टिकचे घोडे जमवणाऱ्यांचा एक मोठा वर्ग तयार झाला. या वर्गाने कारखान्याचा रंग पुसून प्रत्यक्ष घोड्यांच्या जातींप्रमाणे आपला रंग चढवायला सुरुवात केली. जर्मनीत १९३५ मध्ये स्थापन झालेल्या श्लाइख कंपनीच्या, कारखान्यात हाताने रंगवल्या जाणाऱ्या प्राण्यांनीही पुढे या छंदाला हातभार लावला.

भारतात पॉलिस्टायरीन या कडक प्लास्टिकचे उत्पादन १९५७ मध्ये सुरू झाले, आणि त्यानंतरच्या दशकांत प्लास्टिकचे प्राणी जत्रांत व आठवडी बाजारांत आले. हवा भरून फुगवलेल्या पोकळ प्लास्टिकची एकरंगी गाय, पिवळा सिंह आणि पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा कुंभाराच्या बैलापेक्षा टिकाऊ होते आणि पावसात विरघळत नव्हते. ‘मृच्छकटिक’ नाटकातील छोटा रोहसेन खेळण्यातली मातीची गाडी नको, सोन्याची हवी म्हणून रडतो. तसाच विसाव्या शतकातील गावाकडच्या मुलाने मातीचा बैल बाजूला ठेवून प्लास्टिकचा मागितला यात त्याला दोष देता येत नाही. परंतु या बदलात एक गोष्ट हरवली, आणि ती लहान नाही: साचे बहुतांश परदेशी प्राण्यांचे असल्यामुळे खेळण्यातली गाय बिनवशिंडाची, काळी-पांढरी होल्स्टीन झाली, आणि ज्या मुलाच्या घरी लाल कंधारी बांधलेली होती त्याच्या हातातील गाय मात्र युरोपातील राहिली.

पुन्हा रंगवण्याच्या कलेला मराठवाड्यात खरे काम आहे ते येथे. या प्रदेशाच्या दोन मोठ्या जाती रंगावरूनच ओळखल्या जातात. नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या नावाने ओळखली जाणारी लाल कंधारी गडद तांबड्या, एकसारख्या रंगाची असते, आणि नरांचा रंग माद्यांपेक्षा गडद असतो. लातूर जिल्ह्यातील देवणीच्या नावाची देवणी तीन प्रकारांत येते: अंग पांढरे पण तोंडाच्या बाजू काळ्या असलेली वानेरा, जवळपास पूर्ण पांढरी बाळंक्या, आणि पांढऱ्या अंगावर काळे अनियमित ठिपके असलेली शेवेरा. पश्चिमेकडून येणारा खिलार पांढरट-करडा, लांब बाकदार शिंगांचा. ज्याला हे तीन रंग ओळखता येतात त्याला कारखान्याचा गुळगुळीत तपकिरी बैल समाधान देऊ शकत नाही.

काम करण्याची रीत कठीण नाही, पण क्रम पाळावा लागतो. साच्यातून माल सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर साबणाच्या कोमट पाण्याने धुवावा लागतो, नाहीतर रंग धरत नाही. शिवणीची रेघ घासावी लागते. बिनवशिंडाच्या आकृतीला वशिंड आणि मानेखालची पोळी द्यायची असेल तर दोन भाग एकत्र मळून कडक होणारी एपॉक्सी लुकण वापरावी लागते. त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाला पकड देणारा पहिला थर, मग ॲक्रिलिक रंगाचे अनेक पातळ हात, आणि शेवटी चमक नसलेले वार्निश. मऊ पीव्हीसीवर तेलरंग टाळावा, कारण प्लास्टिक मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू बाहेर येऊन तो रंग वर्षानुवर्षे चिकट ठेवते. आणि जत्रेतील पोकळ पॉलिइथिलीनच्या प्राण्यावर साधा रंग टिकतच नाही, तो पापुद्र्यासारखा सुटतो. कंधारीचा तांबडा रंग एका डबीतून मिळत नाही: खाली गेरूची छटा, वर किंचित काळपट तांबडा, आणि पायांकडे व वशिंडावर अधिक गडद, असे थर द्यावे लागतात.

ज्या बाजारांत ही जनावरे पारखली जातात, त्या नेकनूरसारख्या बाजारांचे स्वरूप मात्र गेल्या काही दशकांत पालटले आहे. नांगरट ट्रॅक्टरकडे गेली, आणि बीड जिल्ह्यात बैलाची मागणी मोठ्या प्रमाणावर ऊसतोडीच्या हंगामाशी बांधली गेली: मुकादमाकडून उचल घेऊन बैल विकत घ्यायचे, टायरगाडीला जुंपून कारखान्यावर न्यायचे, आणि हंगाम संपल्यावर अनेकांनी ते पुन्हा बाजारात आणायचे. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाच्या साथीत राज्यभर जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. जिवंत बैल जसजसा दावणीतून कमी होतो तसतशी पोळ्याला मातीच्या बैलावर भागवणारी घरे वाढतात, आणि त्या बैलांना कोणता रंग द्यायचा हे ठरवणाऱ्याने देवणीची वानेरा आणि शेवेरा वेगळी ओळखलेली असावी, ही अपेक्षा आजही पूर्ण होण्याजोगी आहे, कारण ज्यांना ती ओळख आहे अशी माणसे नेकनूरच्या बाजारात अजून दावणीपाशी उभी असतात.