चौक लिहिणाऱ्या

सुरुवात नेऱ्यातच करू, कारण या प्रवासाला लागणारा कान तुमच्याकडे इथूनच आलेला आहे. माथेरान आणि प्रबळगडाच्या पायथ्याशी, गाढी नदीच्या काठाने तुम्ही वाढलात. या भागातल्या आगरी लग्नात तुम्ही धवलारणीला ऐकलं आहे. हळद, तेल, मांडव, प्रत्येक विधीला तिचा धवला लागतो. ती देवांना गावानिशी बोलावते, नवरानवरीची आळवणी करते, आणि तिने सुरू केल्याशिवाय बायका हळदीला हात लावत नाहीत. लग्नपत्रिकेवर सगळ्या भावकीची नावं असतात. तिचं सहसा नसतं.

तो आवाज कानात ठेवा आणि उत्तरेकडे चला. पनवेल मागे टाका, वसईची खाडी ओलांडा, डहाणूला समुद्राकडे पाठ करून पूर्वेच्या टेकड्यांत शिरा. आणि चालता चालता ऐंशी वर्षं मागे जा.

१९४४. हा ठाणे जिल्हा, पालघर जिल्हा व्हायला अजून सत्तर वर्षं आहेत. तुम्ही वारल्यांच्या एका पाड्यावर पोचता. सगळी जमीन सावकाराची, गवत सावकाराचं, जंगल ठेकेदाराचं. ज्या घरापुढे तुम्ही थांबलात तिथला तरुण घरी नाही. तो लग्नगडी आहे. लग्नासाठी त्याने सावकाराकडून कर्ज काढलं आणि त्या दिवसापासून तो स्वतः राबतो, बायको राबते, पुढे मुलंही राबतील. फिटल्याची नोंद करणारी वही सावकाराकडेच असते. म्हणून कितीतरी जोडपी लग्नाशिवायच संसार मांडतात, मुलंबाळं होतात, आणि चार पैसे जुळले की मग कधीतरी लग्न लागतं.

आत डोकावा. भिंतीवर धुराने काळवंडलेला एक चौकोन अजून ओळखू येतो. त्या लग्नाचा चौक. या एका चित्रापुढे उभं राहण्यासाठी दोन माणसांनी आपलं आयुष्य गहाण टाकलं. वारली चित्रांवर लिहिताना आपण नाचाचं वर्तुळ, तारपा, निसर्ग एवढंच लिहितो. मला वाटतं, कुठलंही वर्णन या गहाणवटीपासून सुरू व्हायला हवं. चौकाशिवाय लग्न लागत नाही, आणि कर्जाशिवाय चौक मांडता येत नाही, अशी ती गाठ होती. १९४५च्या मे महिन्यात झरीला वारली जमले, वेठ करणार नाही असं ठरवून उठले, आणि किसान सभेचे गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर त्यांच्यासोबत पाड्यापाड्यांतून फिरले. ऑक्टोबरात तलवाड्याला जमावावर गोळ्या चालल्या. लग्नगड्यांची सुटका या लढ्यातून झाली. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं आहे. तुमच्या घरी ते असेल तर परतल्यावर पुन्हा काढा.

आता पंचवीसएक वर्षं पुढे या. १९७०च्या आसपासचा उन्हाळा, भात कधीच झोडून झालं आहे, लग्नांचे दिवस आहेत. डहाणूतल्या गंजाड गावाच्या बाजूचा एक पाडा. दुपारची वेळ, पण घराच्या आत शिरलात की काही दिसत नाही. खिडकी नाही. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लिंपा, त्यावर गेरू. डोळे सरावेपर्यंत दाराच्या बाजूला उकिडवे बसा. पुरुष बाहेर मांडवात आहेत. आत सवाष्णी आहेत, आणि धवलेरी. नेऱ्याच्या धवलारणीची ही बहीणच. लग्न लावण्याचा अधिकार तिचा.

तांदूळ भिजत घातलेला होता, तो पाट्यावर वाटून पाण्यात कालवला आहे. एक बाई बांबूची काडी दातांनी चावून तिचं टोक कुंचल्यासारखं मऊ करते. ती भिंतीपुढे बसते, काडी बुडवते आणि एक सरळ रेघ ओढते. रेघ दिसत नाही.

नीट बघा, चित्र इथेच घडतं आहे. ओल्या गेरूच्या भिंतीवर तांदळाचं पातळ पाणी जवळजवळ पारदर्शक असतं. नुसती ओल चमकते. पीठ वाळत जातं तशी रेघ पांढरी होते, पण तोवर बाईचा हात वीतभर पुढे गेलेला असतो. म्हणजे ती जे काढते आहे ते तिला काढताना धड दिसतच नाही. तिच्या मागून, तिच्या हाताचा पाठलाग करत चित्र उमटत येतं. खुणेचा ठिपका नाही, कच्ची आखणी नाही. चौकट जिथून निघाली तिथे बरोबर येऊन मिळते. हे तिने कुठून आणलं? लहानपणी आईच्या पाठीमागे, असंच अंधारात उकिडवं बसून. चित्रशाळेत ज्याला हात बसणं म्हणतात ते हेच, आणि ते यायला तिची तीस वर्षं गेली आहेत. मी जगातली मोठी रेखाटनं पाहताना हीच कसोटी लावते: रेघ ओढणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक होता का? इथे होता.

चौकटीच्या कडेने साखळीसारख्या, नागमोडी नक्षीचे पट्टे चढतात. दोघी दोन बाजूंनी काम करतात, तिसरी कोपरा धरते. मधोमध पालघट येते, सगळं पिकवणारी, लेकरं देणारी देवी. तिच्याभोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडं. बाजूला लहान चौकात घोड्यावरचा पाचशिऱ्या देव. माणूस काढायचा तर दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे करायचे. जिथे टोकं भेटतात ती कंबर. एवढ्याशा बिंदूवर सगळं अंग तोललेलं असतं, म्हणून ती माणसं स्थिर उभी असली तरी आता हलतील असं वाटतं. त्या बिंदूपाशी हात जरा जाड पडला तर माणूस मेला. बाई काडी पुन्हा चावते, टोक बारीक करते, मगच ती जागा भरते.

आणि हे सगळं गाण्यावर चाललेलं आहे. धवलेरी देवांना एकेक करून हाकारते, बायका ओळ उचलतात. पालघट भिंतीवर येते ती नुसत्या काडीने येत नाही, तिला बोलावलं जातं तेव्हा येते. तुम्ही नेऱ्याहून कान आणला तो यासाठी. चित्र आणि गाणं असे दोन वेगळे कप्पे इथे नाहीत, आणि पुढे कागदावर गेलेल्या चित्रातून पहिली गळाली ती ही धवलेरी.

संध्याकाळी भगत येईल, नवरानवरी चौकापुढे येतील, रात्रभर तारपा वाजेल. मग चूल पेटत राहील, धूर भिंत खात जाईल. पुढच्या लग्नाला त्यावर शेणाचा नवा हात फिरेल. कुणी हळहळणार नाही. चौक जपून ठेवायचा नसतो, लिहायचा असतो.

याच सुमारास पाड्यावर एक पाहुणा येऊ लागतो. दाढीवाला, खांद्याला झोळी, हातात कागदाची गुंडाळी. भास्कर कुलकर्णी. स्वतः चित्रकार, मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला. १९६६-६७च्या दुष्काळात हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी त्यांना बिहारला मिथिलेत पाठवलं होतं, भिंतीवर चितारणाऱ्या बायकांना कागद देऊन चार पैसे मिळतील का ते पाहायला. तिथे जमलं. आता ते डहाणूत आले आहेत. कागद देतात, पांढरा रंग देतात, आणि बसून राहतात. त्यांनी कुणाला काय काढायचं ते सांगितलं नाही, ही त्यांची मोठी गोष्ट.

कागद एका माणसाच्या हातात पेटला. कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे, जन्म १९३४. लहानपणी आई गेली, पोर बोलेनासं झालं, धुळीत बोटाने चित्रं काढून सांगायचं. बायका चौक लिहीत तिथे तो जाऊन बसे. पुरुषाने रोज, विधीवाचून, नुसतं हौसेने चित्र काढत बसणं ही पाड्यावर नवीनच गोष्ट. चौकातली चौकट त्यांनी सोडून दिली आणि कागदभर मासेमारीची जाळी, मुंग्यांच्या रांगा, भाताची खळी पसरली. १९७५ला मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन, १९७६ला राष्ट्रीय पुरस्कार, २०११ला पद्मश्री. त्यातला एकही मान जास्तीचा नाही. ते २०१८मध्ये गेले तेव्हा भारतातला एक खरा थोर चित्रकार गेला.

पण तुम्ही आत्ताच त्या अंधाऱ्या खोलीतून उठून आला आहात. तिथे बसलेल्यांचं काय झालं? कागद आला, प्रदर्शन आलं, शहर आलं, तेव्हा पुरुष रेल्वेत बसून मुंबईला जाऊ शकत होते. बाईला पोर, चूल, शेत. शिवाय पालघट विधीवाचून कशी काढायची, हा तिचा खरा, श्रद्धेचा अडसर होता. ही कारणं खरी आहेत. तरी हे अटळ होतं असं मी मानत नाही. याच कुलकर्णींनी मिथिलेत जो कागद दिला त्यावर बायकांनी सह्या केल्या: जगदंबा देवींना १९७५ला, सीता देवींना १९८१ला, गंगा देवींना १९८४ला पद्मश्री मिळाली. कला तशीच घरातली, विधीचौकटीही तशाच, कागद देणारा हातही तोच. डहाणूत मात्र बाजाराने समोर दिसला त्याचं नाव विचारलं आणि आतल्या खोलीपर्यंत तो गेला नाही.

आणखी एक उडी मारा, समुद्रापलीकडे आणि मागे. १९२७, अमेरिकेतल्या ओक्लाहोमातलं नॉर्मन गाव. कायोवा या आदिवासी समाजाची जमीन तुकडे करून वाटून टाकल्याला पंचवीसएक वर्षं झाली आहेत. विद्यापीठाच्या कलाविभागाचे प्रमुख ऑस्कर जेकबसन यांनी कायोवा तरुणांना चित्रं काढायला एक खोली दिली आहे. स्पेन्सर असा, जॅक होकिया, स्टीफन मोपोप, मनरो त्सातोके. आणि वीस वर्षांची एक मुलगी, लोइस स्मोकी.

इथे डहाणूच्या नेमकं उलट आहे. कायोवांत माणसं, घोडे, लढाया काढायच्या त्या पुरुषांनी. तंबूवर, कातड्यावर, सालवारीच्या पंचांगांवर. बायकांचा हक्क चामड्याच्या पेट्यांवरच्या भौमितिक नक्षीवर आणि मणिकामावर. लोइस कागद घेते आणि माणसं काढते. सपाट रंग, स्वच्छ कड, पार्श्वभूमी मोकळी. ती रेघ ओढते तेव्हा मागे जाऊन उभे राहा. खोलीतला ताण जाणवेल. बरोबरच्या पुरुषांना तिचं इथे असणं रुचत नव्हतं, तिची चित्रं खराबही केली गेली, असं सांगतात. ती फार काळ राहिली नाही. घरी परतली, लग्न केलं आणि मणिकामाकडे वळली. त्यात तिने उत्तम काम केलं. तिची जागा जेम्स ऑकियाने घेतली. १९२९ला फ्रान्समधल्या नीसला या चित्रांचा संच छापून निघाला, त्यात तिची चित्रं आहेत. तरी पुढे कित्येक दशकं जग ‘कायोवा पाच’ म्हणत राहिलं आणि त्या पाचांत तिला मोजत नव्हतं. १९८१ला तिचं निधन झालं. आता ‘कायोवा सहा’ म्हणतात. सहांत तिचीच चित्रं सर्वांत दुर्मीळ.

तिच्या समाजात आकृती पुरुषांची होती, म्हणून बाईला खोलीतून उठावं लागलं. वारल्यांत आकृती बाईचीच होती, तरी नाव पुरुषाचं झालं. दोन्हीकडे चित्र कोणाचं हा सवाल भिंतीपाशी सुटलेला होता. बिघडला तो बाहेरच्या माणसाने यादी करायला घेतली तेव्हा.

म्हणून परत चला गंजाडच्या त्या घरात, चौक पुरा व्हायच्या आत. आज गंजाडच्या लेकीसुना कागदावर, कापडावर रंगवतात आणि खाली नाव घालतात, पण तुम्ही आत्ता आहात तिथे अजून कुणी कुणाला नाव विचारलेलं नाही. तुमच्या पिशवीत वही आहे. कोपरा भरणाऱ्या बाईला विचारा, चौक कोणी लिहिला?

ती काडी वाडग्यात ठेवते, हसते, आजूबाजूच्या तिघींकडे बघते. एकटीचं नाव सांगणं तिला पटत नाही. चौकट एकीची, नक्षी दुसरीची, झाडं तिसरीची, पालघट तिची स्वतःची, आणि देवी बोलावली ती तर धवलेरीने. तिचा आग्रह बरोबर आहे. एका चित्राखाली एकच सही हवी हा शहराचा हट्ट आहे, तो इथे लादू नका. वहीचं पान आडवं धरा, चौघींना एकेक करून विचारा, त्या सांगतील तसं लिहा. आणि गाणं थांबेल तेव्हा धवलेरीकडे वळा आणि तिचं नाव सगळ्यांत वर घाला.