मांडीची बाहेरची बाजू: शंभर वर्षांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

इनबॉक्समध्ये एक प्रश्न फिरून फिरून येतो. "दादा, मांडीची बाहेरची बाजू भरत नाही, कोणता व्यायाम करू?" सोबत बहुतेक वेळा त्या मशीनचा फोटो असतो, ज्यात बसून आपण दोन्ही पाय बाहेर ढकलतो. आधी तो गैरसमज काढूया. त्या मशीनवर मुख्य काम होतं ते खुब्याच्या बाजूच्या स्नायूंचं. समोरून बघताना मांडीला बाहेरच्या बाजूने जो बाक दिसतो, ज्याला बॉडीबिल्डिंगवाले 'स्वीप' म्हणतात, तो येतो व्हास्टस लॅटरॅलिस या स्नायूमुळे. मांडीच्या पुढच्या चार स्नायूंमधला हा सगळ्यात मोठा. त्याचं काम एकच, वाकलेला गुडघा सरळ करणं. म्हणजे पाय बाजूला ढकलून तो वाढायचा नाही. गुडघा वजनाखाली खोल वाकवायचा आणि परत सरळ करायचा, एवढाच त्याचा रस्ता.

आता एवढी साधी गोष्ट, मग त्यावर शंभर वर्षं वाद का झाले? मला यातच रस आहे.

सुरुवात करू जॉर्ज हॅकनश्मिटपासून. हा आजच्या एस्टोनियातल्या तार्तूचा पैलवान. १९०५ साली न्यूयॉर्कमध्ये त्याने टॉम जेन्किन्सला हरवलं आणि तो जगज्जेता ठरला. १९०८ मध्ये त्याचं व्यायामावरचं पुस्तक आलं. त्याच्या नावाशी जोडलेला व्यायाम असा: बारबेल पाठीमागे, ढुंगणाखाली दोन्ही हातांत धरायची, टाचा जुळवून उचलायच्या आणि चवड्यांवर खाली बसून उठायचं. हाच हॅक स्क्वॉट. 'हॅक' हे त्याच्या नावावरून आलं असं बरेच जण मानतात, तर काही म्हणतात जर्मन भाषेत टाचेला 'हाके' म्हणतात, त्यावरून आलं. काहीही असो, टाच उचलली की गुडघा पुढे जातो, पाठ ताठ राहते आणि भार मांडीच्या पुढच्या भागावर येतो.

हे वाचून तुम्हाला काही आठवलं का? आपली बैठक! तालमीत पैलवान बैठका मारतो तेव्हा खाली जाताना टाचा उचलतात, गुडघे पुढे येतात, हात झुलतात. कोणी कोणाकडून घेतलं असा माझा दावा नाही. शरीराची रचना सगळीकडे सारखी, म्हणून उत्तरही सारखंच सापडलं, एवढंच म्हणतो. १९१० मध्ये गामा पैलवान लंडनला गेला आणि पोलंडच्या झबिस्कोशी त्याची कुस्ती झाली. झबिस्को दोन तासांहून जास्त वेळ जमिनीला चिकटून राहिला, कुस्ती निकाली झालीच नाही. त्या गामाची मेहनत म्हणजे जोर आणि बैठका. आकडे हजारांत सांगितले जातात. ते आकडे बाजूला ठेवले तरी पद्धत स्पष्ट आहे: वजन कमी, संख्या अफाट.

युरोप-अमेरिकेत तेव्हा अडचण वेगळी होती. स्क्वॉट रॅक नव्हताच! खांद्यावर जड बार घ्यायचा कसा? डोक्यावर उचलून मागे उतरवता येईल तेवढंच वजन वापरता यायचं. हे बदललं हेन्री 'मायलो' स्टाइनबॉर्नने. हा जर्मन माणूस पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियात नजरकैदेत होता आणि १९२१ मध्ये अमेरिकेत आला. तो बारबेल एका टोकावर उभी करायचा, तिच्याखाली वाकून ती पाठीवर आडवी पाडून घ्यायचा आणि तसाच खाली बसून उठायचा. एकटा, कोणाच्या मदतीशिवाय. लोकांनी तोंडात बोटं घातली. हळूहळू जड आणि खोल स्क्वॉट अमेरिकेत रुजला, पुढे रॅक आले.

मग आली आवडीनिवडीची लढाई. व्हिन्स गिरोंडा नावाचा एक नामी प्रशिक्षक, १९४८ पासून हॉलिवूडच्या शेजारी त्याची जिम. त्याचं म्हणणं, जड बॅक स्क्वॉटने ढुंगण आणि कंबर रुंद होते, आकार बिघडतो. तो सिसी स्क्वॉट करायला लावायचा: टाचा वर, गुडघे पुढे, अंग मागे झुकलेलं, खुबा सरळ. बघा, परत टाचाच वर!

आणि भीतीचीही लढाई झाली. १९६१ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी मांडलं की खोल स्क्वॉटने गुडघ्याचे अस्थिबंध सैल पडतात. पुढच्याच वर्षी हे एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकात छापून आलं. झालं, प्रशिक्षकांनी पोरांना अर्ध्यावर थांबवायला सुरुवात केली. नंतरच्या दशकांत इतर संशोधकांनी स्क्वॉट करणाऱ्यांचे गुडघे तपासले, तेव्हा तसा सैलपणा त्यांना आढळला नाही. पण भीती एकदा बसली की लवकर उठत नाही. आजही जिममध्ये कोणीतरी सांगतंच, "गुडघा बोटांच्या पुढे नेऊ नको." ज्या देशात भाजी निवडायला आणि संडासला लोक पिढ्यान्‌पिढ्या उकिडवे बसले, तिथे हे सांगितलं जातं, याचं मला हसू येतं आणि वाईटही वाटतं. कारण या एका वाक्यामुळे कित्येक पोरं अर्धवट स्क्वॉट मारत राहतात आणि मग विचारतात, मांडी का भरत नाही?

आता टॉम प्लाट्झ. तुमच्यातल्या अर्ध्या लोकांच्या वॉलपेपरवर याच्याच मांड्या आहेत! १९८१ च्या मिस्टर ऑलिंपियात तो तिसरा आला, जिंकला फ्रँको कोलंबू. प्लाट्झच्या मांड्या वरच्या शरीराला झाकून टाकतात, अशी टीका व्हायची. विचार करा, ज्याच्यासाठी आपण झुरतो तेच त्याला महाग पडलं. त्याचा व्यायाम काय होता? ढुंगण टाचांना टेकेल इतका खोल स्क्वॉट, हॅक स्क्वॉट, लेग एक्स्टेन्शन, लेग कर्ल. यादीत गुपित काहीच नाही.

पुढे जर्मनीत त्याची आणि फ्रेड हॅटफिल्डची जुगलबंदी झाली. हॅटफिल्ड म्हणजे १९८७ मध्ये १०१४ पौंड, सुमारे ४६० किलोंचा स्क्वॉट मारणारा माणूस. एका रेपमध्ये तोच जिंकला, ८५५ पौंडांवर. मग दोघांना ५२५ पौंड, म्हणजे साधारण २३८ किलो दिले, जमतील तितके रेप्स मारायला. प्लाट्झने मारले २३! ताकदीत हॅटफिल्ड पुढे, पण मांडीचा आकार आणि दम प्लाट्झचा. जड वजनासोबत संख्याही लागते, हे गामाच्या तालमीला आधीच ठाऊक होतं.

मग तुम्ही काय करायचं? इतिहासातून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, खोली. गुडघा पूर्ण वाकू द्या, वजन त्यासाठी कमी करावं लागलं तरी करा. दुसरी, गुडघा पुढे जाऊ द्या. टाचेखाली पाचर किंवा छोटी प्लेट ठेवा, हॅक मशीन असेल तर पाय थोडे खाली ठेवा. पावलं जवळ की लांब, बोटं आत की बाहेर, यावर जास्त डोकं लावू नका. पावलं रुंद ठेवली की फरक पडतो तो जास्त करून ढुंगणाच्या आणि मांडीच्या आतल्या स्नायूंवर. तिसरी, हळूहळू वाढवा. हॅकनश्मिटलाही पुढे गुडघ्याच्या दुखापतीने छळलं. गुडघा आधीच दुखत असेल तर पहिला सेट डॉक्टरांच्या दारात.

आणि एक सांगतो. बाहेरचा बाक किती उठून दिसेल, हे स्नायू हाडाला कुठे चिकटलाय आणि खुबा किती रुंद आहे यावरही ठरतं. ते जन्मतःच मिळतं. म्हणून प्लाट्झच्या फोटोशी स्वतःला मोजू नका. स्वतःच्या सहा महिन्यांपूर्वीच्या मापाशी मोजा, टेप घेऊन, दर वेळी मांडीवर त्याच जागी.

जिमची फी परवडत नसेल तरी अडत नाही. घरी वीस बैठकांचे चार सेट आजपासून सुरू करा, आठवड्याला थोड्या थोड्या वाढवा. सोप्या वाटायला लागल्या की पाठीवर पुस्तकांनी भरलेली सॅक अडकवा. तुमचे प्रश्न पाठवत राहा. पुढच्या भागात पोटऱ्यांचं बघू. भेटूया!