फोंतेन्हासचे घर: दर्शनी भिंत आणि दस्तऐवज

पणजीच्या फोंतेन्हास वस्तीविषयी एक विधान पर्यटकांसाठीच्या पुस्तिकांत, मार्गदर्शकांच्या तोंडी आणि अलीकडे घरविक्रीच्या जाहिरातींतही हमखास आढळते: १९८४ साली युनेस्कोने ही वस्ती वारसा क्षेत्र म्हणून घोषित केली. हे खरे नाही. जागतिक वारसा यादीत गोव्यातील आहेत ती जुन्या गोव्याची चर्चे व मठ, आणि त्यांचा समावेश १९८६ सालचा. फोंतेन्हास तीत नाही. पण हे विधान आता घराच्या किमतीत मिसळून गेले आहे, त्यामुळे ते दुरुस्त करण्याची कुणाला घाई नाही. मग ही वस्ती आजवर राखली कुणी? आमच्या मते या प्रश्नाचे बरेचसे उत्तर सौंदर्यदृष्टीत नसून दिवाणी कायद्यात आहे.

आल्तिन्य टेकडी आणि ओरेंची खाडी यांमधली ही चिंचोळी पट्टी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे आंतोनियो ज्योआंव द सिकेरा नावाच्या गृहस्थाची माडांची बाग होती. मोझांबिकहून परतलेला म्हणून लोक त्याला ‘मोसमीकार’ म्हणत. १७५९ मध्ये व्हाइसरॉयचे वास्तव्य पणजीस आले आणि १८४३ मध्ये पणजीला ‘नोव्हा गोवा’ या नावाने शहराचा दर्जा मिळाला. या काळात बागेची वस्ती झाली; सरकारी अधिकारी, कर्मचारी येथे राहू लागले. टेकडीच्या पायथ्याच्या फिनिक्स झऱ्यावरून तिला नाव मिळाले. म्हणजे आज जिला ‘लॅटिन क्वार्टर’ म्हणून मिरवले जाते ती मुळात नोकरदारांची आळी. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, चुन्याचा गिलावा, कौले आणि रस्त्यावर झुकलेले सज्जे. पांढरा रंग चर्चना राखीव असल्याने घरे निळी, पिवळी, तांबडी झाली असे सांगतात. पावसाळ्यानंतर दरवर्षी रंग काढावा लागे, आणि त्याचा खर्च घरातल्यांचाच.

आता कायदा. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली आणि १९६१च्या मुक्तीनंतरही तिचा कौटुंबिक व वारसाविषयक भाग टिकून राहिला. २०१२चा नवा वारसा कायदा २०१६ मध्ये अमलात आला, त्यानेही तिची मूळ तत्त्वे सोडली नाहीत. विवाहापूर्वी निराळा करार नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक, अर्धी अर्धी, वारशाने आलेलीही. मुलगा-मुलगी भेद नाही. आईबापांना आपल्या वाट्यापैकी निम्म्याचेच मृत्युपत्र करता येते, उरलेला निम्मा मुलांचा हक्काचा. जोडीदाराच्या संमतीवाचून स्थावर विकता येत नाही.

हे न्याय्य आहे, आणि उर्वरित भारतातील स्त्रियांना हेवा वाटावा असे आहे. पण त्याचे गणित करून पाहा. चार भावंडे म्हणजे आठ सह्या. प्रत्येकाला चार मुले धरली तर पुढच्या पिढीत सोळा वारस, आणि त्यांचे जोडीदार मिळून बत्तीस. त्यांतला एक लिस्बनला, एक मुंबईत, एकाचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही. वाटणीसाठी न्यायालयात ‘इन्व्हेंतार’ चालवायचा. तेथे वारसांनी आपापसांत बोली लावायची आणि ज्याची चढी त्याला घर. तोवर घर कुणाचेच नसते आणि सर्वांचे असते. ते विकता येत नाही, म्हणून पाडताही येत नाही. त्यात १९६८च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले, त्यामुळे मालकाला दुरुस्तीतही फारसा रस उरला नाही. शेजारी काँक्रीटच्या इमारती उठत असताना फोंतेन्हासची कौले जागेवर राहिली, ती पुष्कळदा या अडचणीमुळे. नियोजनातले संवर्धनाचे नियम आले ते नंतर.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अशा घराची कागदपत्रे एकदा तरी वाचावीत. एकाच मिळकतीला तीन ओळखी असतात: पोर्तुगीज नोंदवहीतील ‘दिस्क्रिसांव’, करवसुलीचा ‘मात्रिझ’ क्रमांक आणि मुक्तीनंतरच्या नगर-मोजणीतला ‘चलता क्रमांक’. इंग्रजी खरेदीखतात हा ‘चलता’ शब्द तसाच येतो. चतुःसीमा सांगताना मात्र जुने कागद शेजाऱ्यांची नावे घेतात: पूर्वेस अमक्याच्या वारसांचे घर. क्रमांकाने ओळखली जाणारी जागा आणि शेजाऱ्याने ओळखली जाणारी जागा यांत फरक आहे.

काही वर्षांपूर्वी आम्हीही तेथे घर पाहायला गेलो होतो, हे कबूल केले पाहिजे. महाविद्यालयीन पगारात ते परवडणारे नव्हते. पण सेवानिवृत्तीची स्वप्ने पगाराला विचारून पडत नाहीत. दलाल म्हणाला, “घर रिकामे मिळेल.” वर गेलो तर आतल्या खोलीत एक वृद्ध बाई शिवणयंत्रावर बसलेल्या. त्यांचे सासरे या घरात भाडेकरू म्हणून आले होते. ‘रिकामे’ या शब्दाचा अर्थ आम्हाला तेव्हा उमगला. बाईंनी कोकणीतून एवढेच विचारले, “तुम्ही रावतलीं काय हॉटेल करतलीं?”

प्रश्न रास्त होता. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन युरोपात गेलेल्या पिढीला भारतीय नागरिकत्व सोडावे लागते, आणि दूरच्या वारसाला घरापेक्षा त्याचा वाटा सोयीचा वाटतो. ज्या सह्या शतकभर जमल्या नाहीत त्या चांगली किंमत आली की जमतात. मग त्या घरात पाहुण्यांच्या खोल्या किंवा कॅफे येतात. ते वाईटच असते असे नाही. रंग नीट लागतो, कौले गळत नाहीत. उरलेल्या रहिवाशांनी मात्र दारांवर छायाचित्रे न काढण्याची विनंती करणाऱ्या पाट्या लावल्या आहेत, कारण विवाहपूर्व छायाचित्रणासाठी आलेली जोडपी त्यांच्या पायऱ्यांवर बसतात आणि खिडकीतून डोकावतात.

आम्ही बाईंना “राहणार” असे उत्तर दिले. दलालाने जिन्यात सांगितले की, त्या असेपर्यंत व्यवहार होणार नाही, पण इसार देऊन ठेवायला हरकत नाही. आम्ही इसार दिला नाही.