अंकांचा हुकूम आणि मोटरीचें पाऊल

घरच्या एखाद्या खोलींत स्वतःच्या हातांनीं कोरकामाचें यंत्र उभारण्याचा छंद गेल्या वीस वर्षांत जगभर पसरला आहे. लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची फळी मेजावर आंवळावयाची, गणकयंत्रांतून अंक सोडावयाचे आणि फिरत्या हत्यारानें त्या अंकांप्रमाणें आकृति कोरून द्यावयाची, असें हें यंत्र. त्यास सी. एन. सी. म्हणतात. सांगाडा, रूळ, स्क्रू यांची जुळवाजुळव हौशी मनुष्य मोठ्या उत्साहानें करतो. परंतु मोटर कोणती घ्यावी आणि तिला हांकणारी विद्युत्-रचना कोणती असावी, या प्रश्नापाशीं त्याची गाडी हटकून अडते. दुकानदार त्याच्यापुढें दोन जाती ठेवतो. एक स्टेपर, दुसरी सर्व्हो. पहिली स्वस्त, दुसरी महाग. एवढ्यावरूनच निवड करणारे पुष्कळ. वास्तविक या दोन जातींच्या मागें सत्तर वर्षांहून अधिक जुना एक वाद उभा आहे. यंत्राला हुकूम दिल्यावर तो पाळला गेला असें धरून चालावें, कीं प्रत्येक हुकुमाची पोंच मागावी, हा तो वाद.

त्याचा आरंभ अमेरिकेंत झाला. मिशिगन राज्यांतील ट्रॅव्हर्स सिटी या गांवीं जॉन पार्सन्स नांवाचा कारखानदार दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हेलिकॉप्टरचीं पातीं तयार करूं लागला. पात्याच्या छेदाची वक्ररेषा बिनचूक साधावी लागते आणि ती साधण्यासाठीं आधीं तिचा सांचा बिनचूक हवा. पार्सन्स आणि त्याचा सहकारी फ्रँक स्ट्यूलेन यांनीं वक्ररेषेवरचे बिंदू हिशेब करणाऱ्या पंचकार्ड-यंत्रावर काढले. मग यंत्रशाळेंत मोठी मौजेची व्यवस्था झाली. एक मनुष्य कोष्टकांतले अंक मोठ्यानें वाची. दुसरा मेजाचें उभ्या दिशेचें चाक त्याप्रमाणें फिरवी आणि तिसरा आडव्या दिशेचें. अंक वाचून यंत्र चालविण्याच्या या पहिल्या प्रयोगांत मोटरी हाडामांसाच्या होत्या, असें म्हणावयास हरकत नाहीं. त्या चुकत, थकत, आणि शेवटीं उरलेल्या खांचा कानशीनें घांसून काढाव्या लागत, हें निराळें.

१९४९ च्या जून महिन्यांत अमेरिकेच्या विमानदळानें पार्सन्सला अंकांवर आपोआप चालणारें यंत्र करून दाखविण्याचा ठेका दिला. मोटरींची बाजू त्याला स्वतःला उलगडेना, म्हणून त्यानें मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेचें साहाय्य मागितलें. गॉर्डन ब्राउन या प्राध्यापकानें १९४० सालीं स्थापिलेली ही प्रयोगशाळा युद्धकाळांत तोफा अचूक वळविणाऱ्या यंत्रणांवर तयार झालेली होती. सर्व्हो म्हणजे केवळ एक मोटर नव्हे, हें येथें सांगितलें पाहिजे. मोटर, तिच्या दांड्याचें स्थान सतत सांगणारा मापक, आणि मागितलेलें स्थान व मिळालेलें स्थान यांतला फरक पाहून मोटरीला पुढें-मागें ढकलणारें विद्युत्-मंडळ, अशी ती त्रयी असते. तोफ हव्या त्या कोनांत वळली कीं नाहीं, हें तोफेलाच विचारीत राहावयाचें, हा तिचा बाणा. अशा शाळेंत शिकलेल्या लोकांना पोंच न घेतां काम करणारें यंत्र पसंत पडणें शक्य नव्हतें.

पार्सन्सची मागणी त्या मानानें लहान होती. हत्यारानें एकेका बिंदूवर जावें, थांबावें, कापावें, पुढें जावें. प्रयोगशाळेचें म्हणणें असें कीं बिंदूंच्या मधली वाट जर यंत्राच्या ताब्यांत नसेल, तर पृष्ठभाग कधींच नितळ येणार नाहीं. तिन्ही दिशांच्या मोटरींनीं एकमेकींशीं मेळ ठेवून सलग रेषा चालली पाहिजे. हें म्हणणें बरोबर होतें आणि खर्चाचेंहि होतें. पुढें विमानदळानें प्रयोगशाळेशींच परस्पर करार केला आणि ज्याची मूळ कल्पना तो पार्सन्स बाजूला पडला. त्याच्या व स्ट्यूलेनच्या नांवें पेटंट निघालें तें १९५८ सालीं; राष्ट्रीय पदकाचा मान मिळण्यास १९८५ साल उजाडावें लागलें.

१९५२ च्या सप्टेंबरांत प्रयोगशाळेनें आपलें यंत्र लोकांना दाखविलें. सिनसिनाटी कंपनीचें एक भलें मोठें मिलिंग यंत्र. त्याच्या शेजारीं कपाटांची रांग, कपाटांत शेकडों निर्वात नळ्या आणि रिले. आणि हुकूम भोंकें पाडलेल्या कागदी फितीवरून येणारे. लोहारशाळेपेक्षां टेलिफोनच्या एक्सचेंजशीं त्याचें साम्य अधिक होतें. कारखानदार पाहून थक्क झाले, पण विकत घेण्यास पुढें आले नाहींत. त्या दशकाच्या उत्तरार्धांत विमानदळानें स्वतःच्या पैशानें विमानांच्या कारखान्यांतून अशीं यंत्रें बसविलीं, तेव्हां कोठें या धंद्याला गति आली. प्रत्येक पावलाची पोंच घेणें एवढें महाग पडत होतें.

दुसऱ्या जातीची मोटर मात्र या सर्वांहून वयानें वडील. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळांत ब्रिटिश युद्धनौकांवर दूरच्या दर्शकाचा कांटा ठराविक पावलांनीं फिरविण्यासाठीं तिचा उपयोग होत असे. आज घराघरांतल्या यंत्रांत दिसते ती तिची सुधारलेली आवृत्ति. अमेरिकेंत सुपीरिअर इलेक्ट्रिक या कंपनीनें स्लो-सिन या नांवानें ती पुष्कळ खपविली, आणि नांवाप्रमाणेंच ती मूळ मंदगति मोटर म्हणून केलेली होती: साठ आवर्तनांच्या विजेवर मिनिटाला बरोबर ७२ फेरे. हा आंकडा कोठून आला, हें पाहिलें म्हणजे तिचें सगळें गुपित कळतें. तिच्या फिरत्या चुंबकी गाभ्यावर ५० दांते असतात. बाहेरच्या वेटोळ्यांतील प्रवाहाचा क्रम एकेक टप्प्यानें बदलला, कीं गाभा पाव दांता सरकतो; चार टप्प्यांत एक दांता; दोनशें टप्प्यांत एक फेरा. एक पाऊल १.८ अंशांचें. पांच मिलिमीटर पुढें नेणाऱ्या स्क्रूवर ती बसविली तर एका पावलांत मेज एक चाळीसांश मिलिमीटर सरकतें. मापक नको, तुलना करणारें मंडळ नको. जितके ठोके पाठवावे तितकीं पावलें. साध्या टपालानें पत्र टाकावें आणि तें पोंचलें असें समजून निश्चिंत व्हावें, तसा हा कारभार.

या साध्या टपालावर भिस्त ठेवून एका जपानी अभियंत्यानें मोठा उद्योग उभा केला. फुजित्सु कंपनींतील सेइउएमोन इनाबा यांनीं १९५९ सालीं पावलांच्या लहान मोटरीला तेलाच्या दाबावर चालणाऱ्या बळकट मोटरीची जोड दिली. लहानीनें पाऊल टाकावें आणि मोठीनें तें जोरानें उचलावें, अशी ती युक्ति. तिच्यावर फनुक कंपनीची कीर्ति वाढली. परंतु तेलाची यंत्रणा गळते, गोंगाट करते आणि वीज खाते. त्यांत १९७३ सालीं तेलाचे भाव कडाडले. तेव्हां इनाबांनीं स्वतःच्या शोधाचा मोह सोडला आणि १९७४ सालीं अमेरिकेंतील गेटिस कंपनीकडून सर्व्हो मोटरीचा परवाना घेतला. ज्या मोटरीनें घर बांधलें तीच घराबाहेर काढण्याचें धैर्य फार थोड्या संशोधकांना होतें. तेव्हांपासून मोठ्या कारखान्यांत सर्व्होचें राज्य आहे.

स्टेपर मात्र मेली नाहीं. ती कार्यालयांत शिरली. टंकछपाईचीं यंत्रें, फ्लॉपी तबकड्यांचे चालक, नकलायंत्रें, या सर्वांत हलका, ठराविक बोजा ठराविक अंतर सरकवावयाचा असे आणि त्याला ती फार सोयीची. १९८० नंतर हीं यंत्रें जुनीं होऊन भंगारांत येऊं लागलीं, तशी हौशी लोकांना तिची खाणच सांपडली. हुकूम देण्याची अडचणहि हळूहळू सुटली. अमेरिकन सरकारच्या एन. आय. एस. टी. या मानक-संस्थेनें १९९० नंतरच्या दशकांत यंत्र-नियंत्रणाची एक आज्ञावलि तयार केली, आणि सरकारी काम असल्यामुळें ती सर्वांना मोकळी राहिली. तीच पुढें लिनक्स-सी. एन. सी. या नांवानें नांदूं लागली. २००५ सालीं इटलींतील इव्रेआ गांवीं, म्हणजे ऑलिव्हेटीच्या टंकलेखन-यंत्रांच्या गांवीं, आर्डुइनो ही स्वस्त पाटी निघाली. आणि २००९ सालीं नॉर्वेंतील सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनीं तिच्यावर चालणारी जी-आर-बी-एल ही छोटी आज्ञावलि मोकळी सोडली. कपाटांच्या रांगेचें काम तळहातावर मावूं लागलें.

आतां नवशिक्या निवड कशी करतो तें पाहावें. पहिली गफलत नांवांत होते. नेमा १७ आणि नेमा २३ हे आंकडे मोटरीचें सामर्थ्य सांगत नाहींत. ते केवळ तिच्या चौकोनी तोंडाची रुंदी इंचाच्या दहाव्या हिश्शांत सांगतात, म्हणजे सुमारें ४२ आणि ५७ मिलिमीटर. दुसरी गफलत बळाची. विक्रेता जें पिळण्याचें बल छापतो तें मोटर स्थिर उभी असतांनाचें. ती धांवूं लागली कीं तें झपाट्यानें ओसरतें, आणि याचें कारण मोटरींत जितकें आहे तितकेंच तिला हांकणाऱ्या ड्रायव्हर-पाटींत आहे. वेटोळ्यांत प्रवाह चढण्यास वेळ लागतो. मिनिटाला ६०० फेरे म्हणजे सेकंदाला २००० पावलें. एका पावलाला अर्धा सहस्रांश सेकंद. तेवढ्या अवधींत प्रवाह भरेल तरच बल मिळणार. म्हणून मोटरीवर तीन व्होल्ट लिहिलेले असले, तरी तिला चोवीस, छत्तीस किंवा अठ्ठेचाळीस व्होल्टांचा पुरवठा देतात, आणि ड्रायव्हर-पाटी प्रवाह ठरीव मर्यादेपर्यंत चढला कीं क्षणोक्षणीं तोडते. जुन्या काळीं हेंच काम मालिकेंत रोधक घालून करीत आणि निम्म्याहून अधिक वीज उष्णतेंत जाई. मोटर मोठी घेऊन पुरवठा बारा व्होल्टांचा ठेवणारा मनुष्य बैल पोसतो आणि वैरण विसरतो. मोठ्या मोटरीचीं वेटोळीं बहुधा अधिक सुस्त असतात. वेगांत ती लहान बहिणीच्याहि मागें पडते.

पावलांचे बारीक तुकडे करण्याची सोयहि अशीच भुरळ घालते. एका पावलाचे सोळा भाग पाडले तर फेऱ्याला ३,२०० ठोके होतात आणि कागदावर अचूकता सोळापट दिसते. खरा लाभ आहे तो वेगळा: मंद वेगांत मोटर जी खडखडते आणि विशिष्ट वेगाला अनुनादानें थरथरते, तें बरेंच शमतें. अचूकता त्या प्रमाणांत वाढत नाहीं. उलट ठोके पुरविणाऱ्या पाटीवर ताण येतो. मूळ आर्डुइनोवर जी-आर-बी-एल सेकंदाला सुमारें तीस हजार ठोके देऊं शकते. ३,२०० ठोक्यांचा फेरा असेल तर पांच मिलिमीटरच्या स्क्रूवर मेज मिनिटाला पावणेतीन मीटरांच्या पुढें जात नाहीं. लहान यंत्राला एवढें पुरतें, पण हा हिशेब खरेदीपूर्वीं करावयाचा असतो.

आणि तरीहि पोंचेचा प्रश्न राहतोच. हत्यार गांठींत अडलें, किंवा वेग एकदम वाढविला, तर गाभा मागें राहतो आणि चुंबकी ओढीनें शेजारच्या दांत्याशीं जाऊन बसतो. त्यामुळें चूक अर्ध्या-पाव पावलाची होत नाहीं. ती चार पावलांची, आठ पावलांची होते. पांच मिलिमीटरच्या स्क्रूवर प्रत्येक वेळीं मिलिमीटरचा एक दशांश. नियंत्रकाला याचा पत्ता नसतो. तो पुढचे ठोके पाठवीत राहतो आणि तीन तासांचें कोरकाम तिरकें होऊन संपतें. यावर अनुभवी लोकांचा उपाय साधा आहे. छापील बलाच्या निम्म्याच्या आंतच काम काढावयाचें, वेगवाढ सबुरीनें ठेवावयाची, आणि एका फेरीनंतर मेज आरंभबिंदूवर बरोबर परत येतें कीं नाहीं तें पाहावयाचें. लाकूड व मऊ धातु कापणाऱ्या पहिल्या यंत्राला एवढ्या शिस्तीवर स्टेपर पुरेशी होते. सर्व्होवर खर्च करावा तो अवजड, वेगवान किंवा दिवसभर राबणाऱ्या यंत्रासाठीं. त्या पैशानें पहिल्या यंत्राचा सांगाडा अधिक ताठ होऊं शकतो, आणि त्याचा उपयोग अधिक.

अलीकडे दोहोंचा संकर बाजारांत आला आहे. स्टेपरच्याच शेंपटाशीं मापकाची चकती बसवितात आणि ड्रायव्हर-पाटी ती वाचून मागें पडलेलें पाऊल भरून काढते. किंमत दोहोंच्या मधली. ही पोंच मात्र मोटरीच्या दांड्याची असते, मेजाची नव्हे. स्क्रूंतील ढिलाई तिला दिसत नाहीं. शिवाय ती पोंच ड्रायव्हरपर्यंतच येते. पाऊल भरून काढणें अशक्य झालें तर ड्रायव्हर एका वेगळ्या तारेवर धोक्याचा इशारा देतो. ती तार नियंत्रकाला जोडावयाची राहिली असेल, तर एक मोटर थांबलेली असतांना उरलेल्या दोन मोटरी काम पुढें चालूच ठेवतात.